पॉवरलाइन अडॅप्टरवरील मंद इंटरनेट : साताऱ्यातील एका घराच्या तपासणीच्या प्रकल्प नोंदी

घर आणि कामाचा हेतू

घर साताऱ्यात आहे. तळमजला जुना असून त्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि चांगल्या जाड आहेत. माडी बरीच नंतर चढवलेली, आरसीसी स्लॅबची आणि विटांच्या भिंतींची आहे. फायबरची जोडणी तळमजल्याच्या पुढच्या खोलीत येते आणि राउटरही तेथेच आहे. ताई माडीवरच्या मागच्या खोलीत बसून पूर्णवेळ नोकरीचे काम करते. तिच्या दिवसाचा मोठा भाग व्हिडिओ बैठकांत जातो आणि बैठकीत आवाज तुटला की समोरच्या माणसापेक्षा तिलाच जास्त त्रास होतो. दगडी भिंती आणि स्लॅब यांतून वायफाय तिच्या टेबलापर्यंत कामापुरतेही पोहोचत नाही, म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची एक जोडी घेतलेली आहे. एक अडॅप्टर राउटरजवळ आणि दुसरा तिच्या टेबलाशेजारी बसवला असून घरातील विजेच्या तारांमधूनच दोन्हींमध्ये डेटा जातो. ही जोडी चालते, पण फारच संथ चालते.

हा संथपणा साखळीतील नेमक्या कोणत्या कडीत आहे हे मोजून ठरवायचे आणि ते ठरेपर्यंत एकही नवे यंत्र विकत घ्यायचे नाही, या हेतूने या नोंदी ठेवल्या आहेत. इंटरनेट मंद झाले की प्लॅन बदलणे, राउटर बदलणे, मग अडॅप्टर बदलणे असा क्रम बहुतेक घरांत चालतो आणि त्यात पैसे जाऊनही मूळ कारण तसेच राहते. ते येथे होऊ द्यायचे नाही.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

पहिले मोजमाप राउटरपाशी केले. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला तेव्हा डाउनलोड १९० ते १९६ एमबीपीएस मिळाला. प्लॅन २०० एमबीपीएसचा असल्याने येथपर्यंत काहीही उणे नाही. तोच लॅपटॉप माडीवर नेऊन अडॅप्टरला जोडला तेव्हा डाउनलोड ११ ते १४ आणि अपलोड ६ ते ८ एमबीपीएस आला. खरे तर व्हिडिओ बैठकीला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे या आकड्यांवरही बैठक चालायला हवी होती. ती का तुटते याचे उत्तर पिंगमध्ये, म्हणजे छोटा संदेश पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते या मोजणीत दिसले. माडीवरून राउटरला पिंग करत राहिल्यावर सरासरी उत्तर ९ मिलिसेकंदांत येत होते, पण मधूनच एखादे उत्तर २०० मिलिसेकंदांच्या पुढे जात होते आणि काही उत्तरे येतच नव्हती. आवाज तुटण्यामागे हे चढउतार आहेत, म्हणून यापुढे प्रत्येक मोजणीत वेगाबरोबर पिंगचीही नोंद करायची असे ठरवले.

त्यानंतर इंटरनेट पूर्णपणे बाजूला ठेवले. राउटरला एक जुना लॅपटॉप जोडून त्यावर आयपर्फ३ हा मोजणीचा प्रोग्रॅम सर्व्हर म्हणून चालवला आणि माडीवरील लॅपटॉपवरून त्याच्याशी थेट मोजणी केली. आकडा १२ ते १५ एमबीपीएस, म्हणजे इंटरनेटवरच्या चाचणीइतकाच आला. अडथळा घराच्या आत आहे आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करण्याचे कारण नाही, हे एवढ्यावरून सिद्ध झाले.

मग दोन्ही अडॅप्टर तळमजल्यावर एकाच स्विचबोर्डच्या शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावून पाहिले. आता आयपर्फ३ ने ९३ ते ९४ एमबीपीएस दाखवले आणि पिंग ३ मिलिसेकंदांवर स्थिर राहिला. अडॅप्टर निर्दोष आहेत. लॅन केबलीही आलटून पालटून तपासल्या आणि त्याही ठीक निघाल्या.

खोक्यावर ६०० एमबीपीएस छापलेले असताना शेजारशेजारीसुद्धा ९४ च्या पुढे का जात नाही, हे येथेच स्पष्ट लिहून ठेवतो. ६०० हा आकडा तारेवरच्या कच्च्या सिग्नलचा, आदर्श परिस्थितीतला आहे. त्यात चुका दुरुस्त करण्यासाठी पाठवलेली जादा माहिती, प्रत्येक पॅकेटचे (डेटाच्या छोट्या तुकड्याचे) शीर्ष आणि वाट पाहण्यात गेलेला वेळ हे सारे धरलेले असते. शिवाय तार एकच असल्याने एका वेळी एकच बाजू बोलू शकते, म्हणून जाणारा आणि येणारा डेटा त्याच क्षमतेतून वाटून घ्यावा लागतो. उपयोगी वेग कच्च्या दराच्या निम्मा मिळाला तरी तो चांगला समजावा. या जोडीची लॅन पोर्ट तर १०० एमबीपीएसचीच आहे, त्यामुळे शीर्षांचा भाग वजा जाता ९४ च्या आसपास कमाल मर्यादा येते. या वर्गातील अनेक अडॅप्टरांत हेच असते. खरेदी करताना खोक्याच्या पुढच्या आकड्यापेक्षा मागे बारीक अक्षरात लिहिलेली पोर्टची माहिती आधी वाचावी, असे मी प्रत्येकाला सांगेन.

म्हणून या कामाचे ध्येय २०० नसून ९४ च्या जितके जवळ जाता येईल तितके जाणे आणि पिंग स्थिर करणे हे आहे.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

तळमजल्यावरचा अडॅप्टर स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात लावलेला होता. त्याच बोर्डात राउटर, फायबरचा मोडेम आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही होते. अडॅप्टर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेवर साधारण २ मेगाहर्ट्झच्या पुढचा क्षीण सिग्नल चढवतो. होमप्लग एव्ही या पॉवरलाइनच्या २००५ च्या मूळ मानकात हा पट्टा २ ते २८ मेगाहर्ट्झ आहे आणि ५००-६०० च्या वर्गातील अडॅप्टर तो ६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवतात. स्पाइक गार्डमध्ये विजेचा उसळलेला दाब शोषणारे घटक असतात आणि बऱ्याचदा गोंगाट गाळणारे कपॅसिटरही असतात. नको त्या उच्च वारंवारता गाळणे हेच त्यांचे काम असल्याने ते आपला सिग्नलही तितक्याच इमानाने गिळतात.

अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि एक्स्टेंशन बोर्ड त्याच्या शेजारच्या सॉकेटमध्ये लावला. अडॅप्टरबरोबर येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिंक रेट, म्हणजे दोन अडॅप्टरांमधला तारेवरचा कच्चा दर एमबीपीएसमध्ये दिसतो. तो ३८ वरून ५५ वर गेला. मग एक्स्टेंशन बोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये नेला, तेव्हा लिंक रेट ६४ झाला. याचा अर्थ अडॅप्टर स्पाइक गार्डच्या आत नसला तरी तो गार्ड जवळ समांतर जोडलेला असेल तर सिग्नलचा काही भाग त्यात जिरतोच. ही बाब उत्पादकांच्या सूचनापत्रकात क्वचितच लिहिलेली असते.

आयपर्फ३ वर २१ ते २४ एमबीपीएस मिळाले. सुधारणा खरी आहे, पण पिंगमधील उड्या तशाच आहेत.

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आज माडीवरचा अडॅप्टर तेथील प्रत्येक सॉकेटमध्ये लावून लिंक रेट टिपला. तळमजल्यावरचा अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमधून हलवला नाही आणि मोजणीच्या वेळी घरातील इतर उपकरणे शक्यतो जशीच्या तशी ठेवली.

ताईच्या टेबलाशेजारचा सॉकेट, एसीचा सॉकेट, जिन्याजवळचा सॉकेट आणि पुढच्या खोलीतले दोन सॉकेट यांपैकी कोठेही लिंक रेट ९० च्या वर गेला नाही. जिन्याजवळचा सॉकेट राउटरच्या जवळजवळ डोक्यावर आहे, तरी तेथे ८६ च मिळाला. ताईच्या खोलीच्या दारालगत पंखा-दिव्यांचा स्विचबोर्ड आहे, त्यात एक छोटा ६ अँपिअरचा सॉकेट आहे. तो राउटरपासून माडीवरच्या सर्व सॉकेटांत बहुधा सर्वात लांब आहे. तेथे लिंक रेट २७१ आला. आकड्यावर विश्वास बसावा म्हणून अडॅप्टर काढून पुन्हा लावला आणि दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहिले. आकडा २६० च्या खाली गेला नाही.

अंतर हे कारण असते तर असे झाले नसते. अर्थात येथे अंतर म्हणजे भिंतीतल्या पाइपातून तार जेवढी फिरते तेवढी लांबी, हवेतले अंतर नव्हे, आणि ती लांबी प्लास्टरच्या आड असल्याने बाहेरून कळत नाही. तरीसुद्धा एकाच खोलीतल्या दोन सॉकेटांत लिंक रेट तिपटीने वेगळा असेल, तर त्या दोन सॉकेटांना वीज वेगवेगळ्या वाटेने येत असली पाहिजे. पुढचे काम वायरिंगचा नकाशा काढण्याचे आहे, आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड (घरातली वीज वाटून देणारी पेटी) उघडायचा असल्याने ते वायरमनच्या हातूनच व्हायला हवे.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

घराच्या माडीचे वायरिंग ज्यांनी केले होते तेच वायरमन काका आज आले. काय तपासायचे आहे ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी आधी मेन स्विचपासून सगळी मांडणी तोंडी समजावली आणि मग मीटरने एकेक गोष्ट दाखवली. हा सकाळचा दीड-दोन तासांचा वेळ या कामातला सर्वात मोलाचा ठरला.

घराला थ्री फेज जोडणी आहे, म्हणजे वीज फेज म्हटल्या जाणाऱ्या तीन वेगळ्या तारांतून येते. माडी चढवताना भार वाटून देण्यासाठी तळमजल्याचे सॉकेट लाल फेजवर, माडीवरचे सॉकेट पिवळ्या फेजवर आणि गीझर व पाणी चढवायची मोटर निळ्या फेजवर घेतली गेली. एखादा सॉकेट कोणत्या फेजवर आहे हे ओळखण्यासाठी काकांनी दोन सॉकेटांच्या फेजच्या तारांमधील दाब मोजला. फेज एकच असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहतो, वेगळे असतील तर ४०० व्होल्टच्या आसपास दाखवतो. हे मोजमाप जिवावर बेतू शकणारे आहे आणि योग्य दर्जाच्या मीटरशिवाय व सरावाशिवाय कोणी करू नये. घरच्या घरी ओळखायचे असेल तर एकेक एमसीबी (सर्किट तोडणारा स्विच) बंद करून कोणते सॉकेट मरतात ते टिपणे आणि डिस्ट्रिब्युशन बोर्डावरच्या खुणांशी ते जुळवणे ही सुरक्षित पद्धत आहे.

तीन फेजच्या तारा घरात एकमेकींना कोठेही जोडलेल्या नसतात. मग लाल फेजवरचा सिग्नल पिवळ्या फेजवर मुळात पोहोचतो तरी कसा, असा प्रश्न पडतो. मीटरपासून बोर्डापर्यंत आणि पाइपांमधून या तारा काही अंतर एकमेकींना चिकटून धावतात. उच्च वारंवारतेला दोन तारांमधले प्लास्टिकचे आवरण पूर्ण आडकाठी करू शकत नाही, त्यामुळे थोडासा सिग्नल एका तारेवरून दुसरीवर पाझरतो. आमची जोडी आजवर याच पाझरावर चालत होती. सिग्नल इतका क्षीण झाल्यावर साध्या मोबाइल चार्जरचा गोंगाटही त्याच्यावर मात करतो आणि पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. पिंगमधील उड्या तेथून येतात.

दारालगतच्या सॉकेटचे कोडेही काकांनी सोडवले. तो सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांप्रमाणे येथेही लाइट गेल्यावर चालू राहावेत म्हणून प्रत्येक खोलीतले दिवे, पंखे आणि एखादा छोटा सॉकेट वेगळ्या तारेवर घेतलेले आहेत आणि ती तार इन्व्हर्टरमधून निघून तळमजल्यावरून माडीवर गेलेली आहे. इन्व्हर्टरचा प्रवेश लाल फेजवर आहे. वीज असताना इन्व्हर्टर ती आतल्या रिलेमधून तशीच पुढे सोडतो, त्यामुळे ही लाइन साऱ्या घरात एकाच फेजची राहते. राउटर लाइट गेल्यावर बंद पडू नये म्हणून राउटरजवळचा भिंतीतला सॉकेटही याच लाइनवर घेतलेला आहे. तळमजल्यावरचा अडॅप्टर इन्व्हर्टर लाइनवर आणि माडीवरचा पिवळ्या फेजवर, अशी परिस्थिती होती. दारालगतच्या सॉकेटमध्ये मात्र दोन्ही अडॅप्टर एकाच सलग तांब्याच्या तारेवर येतात.

थ्री फेजच्या घरात फेज वाटले की मजले एकमेकांपासून तुटतात, आणि इन्व्हर्टरची लाइन त्यांना पुन्हा जोडते. आपल्या घरांच्या वायरिंगचा हा गुण पॉवरलाइनसाठी फार उपयोगाचा आहे आणि परदेशी माहितीपत्रकांत तो सापडणे शक्य नाही, कारण तेथील घरांत अशी वेगळी लाइन सहसा नसतेच.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

तीन पर्यायांचा विचार केला.

पहिला पर्याय ताईच्या खोलीचे सॉकेट डिस्ट्रिब्युशन बोर्डात पिवळ्या फेजवरून लाल फेजवर घेण्याचा. ऐकायला हे एका तारेची जागा बदलण्याइतके सोपे वाटते, पण काकांनी त्यातल्या दोन अडचणी दाखवल्या. आमच्या बोर्डात प्रत्येक फेजला स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा नसेल तर वीज तोडणारा स्विच आहे. फेज हलवून न्यूट्रल (परतीची तार) जुन्याच जागी ठेवला तर जाणारा प्रवाह एका आरसीसीबीमधून आणि परतणारा दुसऱ्यातून वाहील आणि दोन्ही लगेच पडतील. म्हणून न्यूट्रलही बरोबर हलवावा लागेल. दुसरी अडचण याहून गंभीर आहे. जुन्या कामांत कधी कधी वेगवेगळ्या फेजच्या दोन सर्किटांना परतीचा न्यूट्रल एकच दिलेला असतो. फेज वेगळे असताना न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना बऱ्याच अंशी छेद देतात, पण दोन्ही सर्किटे एकाच फेजवर आणली की ते प्रवाह थेट बेरजेत येतात आणि न्यूट्रलची तार तापते. तिच्यावर एमसीबी नसल्याने ती तापते आहे हे कोणालाच कळत नाही. इंटरनेटचा वेग वाढवण्यासाठी घराला आग लागण्याचा धोका पत्करणे योग्य नाही.

दुसरा पर्याय फेज कपलरचा. हे विशिष्ट कपॅसिटर असलेले छोटे साधन बोर्डात दोन फेजच्या मध्ये बसवतात. ५० हर्ट्झची वीज त्यातून जवळजवळ जात नाही, पण मेगाहर्ट्झमधला सिग्नल जातो. तत्त्व चोख आहे, परंतु दोन फेजमध्ये कायम जोडून ठेवायची वस्तू खात्रीच्या दर्जाचीच हवी आणि तशी ती आम्हाला जवळपास सहज मिळण्यासारखी नाही.

तिसरा पर्याय माडीवरचा अडॅप्टर दारालगतच्या इन्व्हर्टर लाइनच्या सॉकेटमध्ये ठेवून तेथून टेबलापर्यंत लॅन केबल नेण्याचा. वायरिंगला हात लावावा लागत नाही, खर्च केवळ केबलचा आणि भिंतीच्या कडेने बसवायच्या पट्टीचा. अडॅप्टर दोन-तीन वॅट एवढीच वीज घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर भार पडत नाही. हाच पर्याय पक्का केला आणि आजच केबल टाकली.

टेबलावर आयपर्फ३ ने ७६ ते ८१ एमबीपीएस दाखवले. ताईने लगेच एक लांब व्हिडिओ कॉल करून पाहिला आणि आवाज एकदाही तुटला नाही. मात्र संध्याकाळी दिवे लागल्यावर लिंक रेट २६० वरून १७० पर्यंत उतरला, हे तिने माझ्या आधी टिपले होते. या उताराचा शोध घ्यायला हवा.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

इन्व्हर्टर लाइनने फेजचा प्रश्न सोडवला, पण तिच्यावर दिवे आणि पंखे असल्यामुळे त्यांचा गोंगाटही तिच्यावरच येतो. आज घरातले सर्व दिवे-पंखे बंद करून एकेक चालू करत लिंक रेट पाहिला.

लिंक रेट दोन्ही दिशांनी वेगळा असतो आणि हा फरक गोंगाटाचा ठाव लावायला फार उपयोगी पडतो. सिग्नलची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असते, पण ऐकणाऱ्या अडॅप्टरच्या जवळ जो गोंगाट असेल तो त्यालाच जास्त ऐकू येतो. वर जाणारा दर कमी झाला असेल तर गोंगाट माडीवरच्या अडॅप्टरजवळ आहे, खाली येणारा दर कमी झाला असेल तर तो राउटरजवळ आहे. आमच्याकडे संध्याकाळी उतरणारा दर खाली येणारा होता, म्हणून तळमजल्यापासून शोध सुरू केला.

पुढच्या खोलीच्या पीओपी छतातील एलईडी पट्टीचा ड्रायव्हर चालू करताच खाली येणारा दर २५५ वरून १७८ झाला. बंद करताच काही सेकंदांत पूर्ववत. असे ड्रायव्हर आतमध्ये वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून दाब उतरवतात आणि स्वस्त ड्रायव्हरमध्ये हा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून लागणारे फिल्टर वगळलेले असतात. बाकीच्या एलईडी बल्बांचा परिणाम जेमतेम पाच-दहा एमबीपीएसचा होता, तोही सर्व एकत्र लावल्यावर.

ताईच्या खोलीतल्या पंख्याचा फिरवायचा रेग्युलेटर मधल्या वेगावर ठेवला तर वर जाणारा दर थोडा उतरतो, पण पिंग स्थिर राहतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. असा रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेत ठरावीक जागी प्रवाह जोडतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा आणि दर वेळी त्याच क्षणी ठोका देतो. होमप्लग एव्हीचे वेळापत्रकच विजेच्या लाटेला बांधलेले असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा एक आवर्तनकाळ दोन लाटांचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा असतो. अडॅप्टर सारा पट्टा बारीक वाहक लहरींत विभागतो, मूळ मानकात त्यांची संख्या १,१५५ आहे, आणि लाटेच्या कोणत्या भागात कोणत्या वाहकावर किती माहिती चढवायची याचा तक्ता दोन्ही अडॅप्टर मिळून सतत बनवत राहतात. ठोका नेहमी त्याच जागी पडत असेल तर तक्ता त्या जागेपुरता सावध होतो आणि उरलेल्या लाटेत पूर्ण वेग वापरतो. हे तंत्र मला मनापासून सुंदर वाटते.

याउलट स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या ब्रशच्या मोटरचा गोंगाट कोणत्याही ठरावीक क्षणी येत नाही, म्हणून कोणताही तक्ता त्याला पुरा पडत नाही. सुदैवाने मिक्सर इन्व्हर्टर लाइनवर नाही आणि तो चालू असताना लिंक रेट २० ते ३० नेच उतरतो. जुन्या जागी अडॅप्टर असताना हाच मिक्सर बैठक पार तोडत असे, असे ताई सांगते. सिग्नल सबळ झाला की तोच गोंगाट सोसवतो.

उपाय म्हणून एलईडी पट्टीचा ड्रायव्हर चांगल्या दर्जाचा, गोंगाटाच्या मानकांची खूण असलेला आणायचा ठरवले. तोवर बैठकीच्या वेळात ती पट्टी बंद ठेवायला घरातल्या सर्वांनी मान्यता दिली आहे.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

लाइट गेल्यावर काय होते ते आज मेन स्विच बंद करून तपासले. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे. बॅटरीवर जाताना दोन्ही अडॅप्टर चालू राहिले, मात्र लिंक सुमारे सहा सेकंद तुटली आणि आपोआप जोडली गेली. विजेच्या लाटेची लय बदलली की वेळापत्रक नव्याने जुळवावे लागत असल्याने एवढा खंड अपेक्षित होता. बॅटरीवर लिंक रेट १४० ते १५५ राहिला आणि आयपर्फ३ वर ४६ ते ५० एमबीपीएस मिळाले. इन्व्हर्टर बॅटरीच्या विजेतून साइन लाट वेगवान स्विचिंगने घडवतो आणि त्याचा गोंगाट थेट याच लाइनवर येतो, म्हणून दर उतरतो. तरी बैठकीला हे पुरेसे आहे.

पूर्वी लाइट गेली की टेबलाशेजारचा अडॅप्टर बंद पडत असे आणि ताईला मोबाइलच्या डेटावर जावे लागत असे. आता राउटर, मोडेम आणि दोन्ही अडॅप्टर एकाच लाइनवर असल्याने काही सेकंदांच्या खंडापलीकडे तिला काही करावे लागत नाही. तिच्या दृष्टीने वेगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

जोडीची गुप्त किल्ली बदलली. होमप्लग एव्हीत डेटा १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध होतो, पण कारखान्यातून निघणाऱ्या अडॅप्टरांत किल्ली ठरलेलीच असू शकते, आणि सिग्नल घराच्या मीटरपाशी थांबतो असे गृहीत धरता येत नाही. एका अडॅप्टरचे पेअर बटण दाबून दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे दाबले की स्वतंत्र किल्ली तयार होते. फ्लॅट संस्कृतीत, जेथे एकाच डक्टमधून अनेक घरांच्या तारा जातात, तेथे हे काम पहिल्याच दिवशी करावे.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

नवा ड्रायव्हर आठवड्याच्या मध्यात बसला. पट्टी चालू असतानाही खाली येणारा दर आता २३५ च्या खाली जात नाही. आठवडाभर दर मिनिटाला पिंग टिपण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट राउटरजवळच्या जुन्या लॅपटॉपवर चालू ठेवली होती. दिवसा सरासरी ४ मिलिसेकंद आहे. १०० च्या वर गेलेली उत्तरे तुरळक असून त्यांतील बहुतेक सकाळी मिक्सर चालण्याच्या वेळेतली आहेत. आयपर्फ३ वर दिवसा ७९ ते ८४ आणि रात्री ७५ ते ८० एमबीपीएस मिळतात. १०० च्या पोर्टवर याहून फार पुढे जाता येणार नाही.

गिगाबिट पोर्टची आणि फेज, न्यूट्रल व अर्थिंग या तिन्ही तारा वापरणारी नवी जोडी घ्यावी का, यावर विचार झाला. तशा अडॅप्टरांना सॉकेटमध्ये खरे अर्थिंग लागते. दारालगतच्या बोर्डात ते आहे, पण राउटरजवळच्या जुन्या बोर्डात अर्थिंगची पिन नुसतीच बसवलेली असून तिच्यामागे तारच नाही, असे काकांनी १५ तारखेला दाखवले होते. अर्थिंग नसलेला सॉकेट हा इंटरनेटच्या आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून ते काम त्यांना आधी दिले आहे आणि पुढच्या आठवड्यात ते होईल.

पूर्ण २०० एमबीपीएस माडीवर हवेच असतील तर सीएटी ६ ही लॅन केबल हाच खरा मार्ग आहे. टीव्हीची जुनी केबल गच्चीवरून ज्या पाइपातून खाली येते, त्यात आणखी एका केबलला जागा आहे का हे पाइपाचे झाकण उघडून पाहिले. जागा आहे, मात्र वळणावर पाइप चेपलेला असल्याने तेथे तो कापून नवा सांधा बसवावा लागेल. हे काम रंगकामाबरोबर करण्याचे ठरले असून त्यासाठी ३० मीटर केबल लागेल, असे मोजून ठेवले आहे.